उपजत देणगी आणि नित्याभ्यास
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत दिलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या आठवड्यांत आपण अनेक विद्वान् वक्त्यांचीं भाषणें ऐकलींत. त्यांच्यामागून माझ्यासारख्या गिटार शिकविणाऱ्या एका साध्या मास्तरास बोलावयास उभें करणें हा फादरांचा माझ्यावरील लोभ होय. त्यांत माझी योग्यता मुळींच नाहीं. परंतु जो विषय मजकडे सोंपविण्यांत आला आहे तो केवळ शोभेचा नसून त्याचा निकाल आपणांस चार दिवसांत लावावयाचा आहे, म्हणून मीं नकार दिला नाहीं.

प्रसंग आपणांस ठाऊकच आहे. महोत्सवाच्या वर्गणींतून आपल्या धर्मग्रामानें आठ गिटारी विकत घेतल्या, आणि येत्या जूनपासून या सभागृहांत मुलामुलींसाठीं गिटारचा वर्ग सुरू करण्याचें ठरलें. नांवें आलीं एकतीस! आठ वाद्यें आणि एकतीस मुलें, हें गणित सुटावें कसें? तेव्हां समितींतील कांहीं मंडळींनीं असें सुचविलें कीं, पहिल्या दिवशींच मुलांची परीक्षा घ्यावी. ज्यांना उपजत कान आहे आणि ज्यांच्या अंगांत ताल आहे अशीं आठ मुलें निवडून घ्यावीं, व बाकीच्यांची प्रेमानें समजूत घालून त्यांस घरीं पाठवावें. सूचना करणारांचा हेतु निर्मळ आहे. वाद्यें वायां जाऊं नयेत, एवढीच त्यांची इच्छा. परंतु ही सूचना ज्या समजुतीच्या पायावर उभी आहे, तो पाया कितपत भक्कम आहे हें तपासून पाहणें अवश्य आहे. ती समजूत अशी कीं, उत्तम वादक जन्मास यावा लागतो, आणि तो कोण हें पहिल्याच दिवशीं ओळखतां येतें.

यांपैकीं पहिला भाग मी अर्धा मान्य करतों. दुसरा भाग मला मुळींच मान्य नाहीं.

देणगी नांवाची कांहीं वस्तूच नाहीं, असें म्हणणारांपैकीं मी नव्हे. पस्तीस वर्षें मुलांच्या हातांत गिटार देत आलों आहें. एखादें मूल एकदां ऐकलेली चाल दुसऱ्या दिवशीं वाजवून दाखवितें, आणि त्याच्याच शेजारीं बसलेल्या मुलास त्याच चालीसाठीं तीन आठवडे लागतात, हें मीं या डोळ्यांनीं पाहिलें आहे. स्वरांतील सूक्ष्म भेद ओळखणें, लय अंगांत भिनणें, ऐकलेलें लक्षांत राहणें, बोटें लांब व मोकळीं असणें, या गोष्टी सर्वांना सारख्या मिळालेल्या नसतात. ही विषमता नाकारण्यांत अर्थ नाहीं. प्रश्न इतकाच आहे कीं, या विषमतेचें शेवटीं काय होतें? आणि ती आरंभींच मोजतां येते काय?

गिटारचें आजचें रूप जेथें घडलें त्या स्पेन देशाकडे प्रथम वळूं. तेथील फ्रान्सिस्को तार्रेगा हा इ. स. १८५२ मध्यें जन्मला. अगदीं लहानपणीं तो पाण्याच्या पाटांत पडला व त्याच्या डोळ्यांस कायमची इजा झाली, असें त्याचे चरित्रकार सांगतात. पुढेंमागें मुलगा आंधळा झाला तर त्यास निदान वाद्य वाजवून पोट भरतां यावें, या काळजीनें बापानें त्यास संगीत शिकावयास घातलें. त्याचे पहिले दोन्ही शिक्षक अंध होते. लक्षांत घ्या, हा मुलगा अलौकिक आहे म्हणून त्याच्या हातीं वाद्य आलें नाहीं. तो दुबळा आहे म्हणून आलें. त्याच मुलानें पुढें गिटारवादनाची पद्धतच नव्यानें घडविली, आणि ‘रेकुएर्दोस दे ला आलांब्रा’ ही त्याची रचना आज जगांत गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानांवरून गेलेली असते.

त्या रचनेंत एक खुबी आहे. उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुराची तार छेडतो, आणि लगेच अनामिका, मधलें बोट व तर्जनी हीं तीन बोटें एकामागून एक एकाच तारेवर पडतात. हें इतक्या वेगानें व इतक्या समपणें व्हावें लागतें कीं, ऐकणारास तीन वेगळे आघात ऐकूं न येतां एकच थरथरता, अखंड सूर ऐकूं यावा. आतां मला सांगा, अशी थरथर घेऊन कोणतें मूल जन्मास आलें आहे? अनामिका ही मुळांतच आळशी व परतंत्र. ती शेजारच्या बोटांस सोडून हलावयास तयार नसते. तिला तर्जनीच्या बरोबरीस आणावयास महिने नव्हे, वर्षें लागतात. मूल देणगीचें असो वा नसो, अनामिकेस त्याचें कांहीं कळत नाहीं.

त्याच देशांत १८९३ मध्यें आन्द्रेस सेगोव्हिया जन्मला. त्याच्या बालपणीं गिटार म्हणजे पथिकाश्रमांतील व रस्त्यांतील वाद्य, मैफलींत तिला कोण बसविणार, असा सार्वत्रिक समज होता. त्यास योग्य गुरुहि लाभला नाहीं. आपणच आपले गुरु व आपणच आपले शिष्य होऊन तो शिकला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ग्रानादा शहरांत त्याची पहिली जाहीर मैफल झाली, १९२८ मध्यें न्यूयॉर्क शहरानें त्यास ऐकलें, आणि १९८७ मध्यें चौऱ्याण्णवाव्या वर्षीं तो वारला तोंपर्यंत जगांतील मोठमोठ्या संगीतशाळांनीं गिटारला मानाचें आसन दिलें होतें. त्याची प्रतिभा कोणीच नाकारणार नाहीं. परंतु या प्रतिभावंतानें १९५३ मध्यें विद्यार्थ्यांसाठीं जें लहानसें पुस्तक छापविलें, तें कशाचें होतें? साध्या स्वरसप्तकांचें! रोज दोन तास नुसतीं स्वरसप्तकें घोळवावीं, असा त्याचा उपदेश होता. आणि केस पांढरे झाल्यावरहि तो स्वतः रोज कित्येक तास अभ्यासास बसत असे. ज्यास जगानें देणगीचा पुतळा मानलें, त्यास स्वतःच्या देणगीवर विसंबून एक दिवसहि काढवेना, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तिसरें उदाहरण जँगो राइनहार्ट याचें. हा १९१० मध्यें बेल्जियम देशांत एका भटक्या रोमा कुटुंबांत जन्मला. त्याला स्वरलिपि वाचतां येत नसे. परंतु लहान वयांतच तो पॅरिसच्या नाचघरांतून बॅन्जो व गिटार वाजवून पैसे मिळवूं लागला. येथें देणगी होती, यांत शंका नाहीं. १९२८ मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्याच्या राहत्या गाडीस आग लागली. डाव्या हाताची अनामिका व करंगळी जळून कायमचीं आंखडलीं. गिटार वाजविणारास डाव्या हाताचीं चार बोटें लागतात. त्याच्या हातीं स्वर धरावयास दोनच धड उरलीं. सुमारें दीड वर्ष तो अंथरुणास खिळून होता. त्या काळांत त्याच्या हातीं गिटार देण्यांत आली, आणि त्यानें आपलें पूर्वींचें वादन बाजूस ठेवून दोन बोटांचें नवें वादन अगदीं पहिल्यापासून बसविलें. १९३४ मध्यें स्तेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकाच्या संगतीनें त्यानें पॅरिस येथें जो वाद्यवृंद उभारला, त्यांतील त्याचें वादन ऐकून चार बोटांचे वादक आजहि थक्क होतात. जँगोची देणगी आगींत जळाली नाहीं हें खरें. पण दीड वर्षाच्या मेहनतीवांचून ती जळाल्यासारखीच झाली असती, हेंहि तितकेंच खरें.

कोणी म्हणेल, मास्तर, हीं मोठ्या माणसांचीं चरित्रें झालीं, पुरावा काय? तर शास्त्रज्ञांनीं या प्रश्नाची मोजदादहि केलेली आहे. बर्लिन शहरांतील संगीतविद्यालयांत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे दहा-दहा जणांचे तीन गट करून, त्यांनीं एकट्यानें किती तास अभ्यास केला याचा हिशेब अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ मध्यें प्रसिद्ध केला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचे सरासरी ७,४१० तास भरले, चांगल्या गटाचे ५,३०१, आणि पुढें शाळांतून संगीत शिकविण्याची तयारी करणाऱ्या गटाचे ३,४२०. हे आंकडे पाहून पुष्कळांनीं घाईनें असा निष्कर्ष काढला कीं, तास भरा आणि उस्ताद व्हा.

पण खरें बोलावयाचें तर इतकें सोपें तें नाहीं, आणि आपल्या बाजूचें तेवढें सांगून दुसरें झांकणें मला योग्य वाटत नाहीं. २०१४ मध्यें अनेक संशोधनांची एकत्र छाननी झाली. तींत असें दिसलें कीं, संगीतांत माणसामाणसांतील कौशल्याचा जो फरक असतो, त्यापैकीं सुमारें एकवीस टक्केच अभ्यासाच्या तासांवरून उलगडतो. २०१९ मध्यें बर्लिनसारखाच प्रयोग पुन्हां करून पाहिला, तेव्हां सर्वोत्तम व चांगले या दोन गटांचे तास जवळजवळ सारखेच निघाले. याशिवाय स्वीडन देशांतील हजारों जुळ्या भावंडांची पाहणी २०१४ मध्येंच प्रसिद्ध झाली. तिच्यावरून असें दिसतें कीं, नेमानें अभ्यासास बसण्याची वृत्ति हीसुद्धां कांहीं अंशीं जन्मतःच येते.

याचा अर्थ उरलेले एकोणऐंशी टक्के देणगीचे, असा मात्र नव्हे. त्यांत शिक्षक कसा मिळाला, कोणत्या वयांत आरंभ झाला, अभ्यास कसा केला, घरांत काय ऐकलें, अशा कितीतरी गोष्टी मिसळलेल्या आहेत. तात्पर्य एवढेंच कीं, मेहनतीनें प्रत्येकजण सेगोव्हिया होईल असें वचन कोणी कोणास देऊं नये. मीहि देत नाहीं. परंतु ज्यांनीं हयात घालवून हे आंकडे जमविले, त्यांपैकीं कोणीं पहिल्या दिवशीं दारांत उभें राहून दहा वर्षांच्या मुलाचें भविष्य सांगण्याची हिंमत केलेली नाहीं. ती हिंमत आपण अर्ध्या तासाच्या परीक्षेवर करावयास निघालों आहों!

आतां त्या परीक्षेकडेच पाहूं. मास्तर एक सूर वाजविणार, आणि मुलानें तो गळ्यांतून काढून दाखवावयाचा. यांत खरोखर कशाची परीक्षा होते? ज्या घरांत बाप तबला वाजवितो किंवा आई गायनवृंदांत गाते, त्या घरचें मूल पाळण्यांतून सूर ऐकत आलेलें असतें. तें परीक्षेस उभें राहतें तेव्हां त्याच्या पाठीशीं हजारों तासांचें ऐकणें उभें असतें. तें कोणीं वहींत मांडलेलें नसतें, इतकेंच. आपण त्या न मोजलेल्या अभ्यासास ‘रक्तांतील गुण’ असें नांव देतों. जँगो ज्या तळांवर वाढला तेथें रोज वाद्यें वाजत. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील नामांकित व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे गोव्यांतील माजोर्डा गांवचे, आणि त्यांचे वडील गायनवृंदाचे मास्तर. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून मेस्त्री लोक गांवच्या मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून निघालेल्या वादकांनीं मुंबईचे वाद्यवृंद कित्येक वर्षें सांभाळले. गोमंतकीयांच्या रक्तांत संगीत आहे, असें आपण सहज म्हणून जातों. रक्तांत असेलहि. पण गांवांत शाळा होती, हें विसरूं नये.

शिवाय गिटार हें वाद्यच असें आहे कीं, आरंभीं कानाचा दोष तें पुष्कळ सांभाळून घेतें. व्हायोलिनच्या दांडीवर खुणा नसतात. बोट केसभर सरकलें कीं सूर बिघडला. गिटारच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. दोन पट्ट्यांमध्यें तार नीट दाबली कीं सूर आपल्या जागीं येतोच. तारा जुळविण्यासाठींहि आज लहानशीं यंत्रें मिळतात. मूल रोज शुद्ध सूर ऐकत राहतें, आणि ऐकतां ऐकतां कान तयार होतो. ज्यांस सूर मुळींच ओळखतां येत नाहीं, अशीं माणसें जगांत आहेत. परंतु २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत त्यांचें प्रमाण शेंकडा दीड इतकेंच आढळलें. आपल्या एकतिसांत असें एखादेंहि मूल निघेल कीं नाहीं, याची शंका आहे. आपण मात्र तेवीस जणांस परत पाठवणार!

येथें मला स्वतःविषयीं थोडें बोलावें लागेल. त्याबद्दल क्षमा असावी.

१९७२ मध्यें मी दहा वर्षांचा होतों. नाताळच्या गायनवृंदासाठीं मुलें निवडावयाचीं होतीं. आम्हां मुलांना रांगेंत उभें करून एकेकास सूर लावावयास सांगितलें. माझी पाळी आली. मीं तोंड उघडलें. गायन घेणाऱ्या गृहस्थांनीं हात वर केला आणि म्हटलें, “याला कान नाहीं, हा मेणबत्त्या धरील.” त्यांच्या मनांत दुष्टावा नव्हता. त्या नाताळांत मीं मेणबत्ती धरली, आणि पुढें नऊ वर्षें मिस्सेंत ओठसुद्धां हलविले नाहींत. १९८१ मध्यें शेजारचा एक खलाशी पुन्हां बोटीवर जातांना आपली जुनी गिटार आमच्या ओटीवर ठेवून गेला. तिला पांचच तारा होत्या. कान नाहीं हें मला माहीतच होतें, म्हणून कोणास ऐकूं जाऊं नये अशा बेतानें मी रात्रीं विहिरीजवळ बसून वाजवूं लागलों. बोटांच्या टोंकांस फोड आले, ते फुटले, आणि महिन्याभरानें घट्टे पडले. एफ नांवाच्या कॉर्डला तर्जनी सबंध दांडीवर आडवी दाबावी लागते. ती कॉर्ड स्वच्छ वाजावयास मला पांच महिने लागले. दोन वर्षांनंतर एके रात्रीं तार उतरली आहे हें माझ्या ध्यानांत आलें. कोणीं सांगितलें नव्हतें. मला ऐकूं आलें होतें. ज्यास कान नाहीं म्हणून ठरलें होतें, त्यास ऐकूं आलें होतें! मी मोठा वादक झालों नाहीं, हें आपण सर्व जाणतांच. पण गेलीं पस्तीस वर्षें देवाच्या वेदीजवळ बसून आपल्या गाण्यांस साथ करतों आहें.

ही गोष्ट मी अभिमानानें सांगत नाहीं. कारण तिचा उत्तरार्ध अभिमानाचा नाहीं. १९९४ मध्यें मीच मास्तर झालों होतों. माझ्यापुढें एक मुलगा उभा राहिला. त्यानें सूर लावला, तो चुकला. माझ्या तोंडून तेंच वाक्य बाहेर पडलें, जसेंच्या तसें. जें मला बावीस वर्षें टोंचत होतें, तेंच मीं दुसऱ्याच्या अंगांत रुतविलें. तो मुलगा पुन्हां आला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं तो मला रेल्वेच्या फलाटावर भेटला. संसारी गृहस्थ झाला आहे. मीं त्यास ती गोष्ट विचारली आणि क्षमा मागितली. तो हंसला व म्हणाला, “जाऊं द्या हो मास्तर, मला कुठें मोठा वादक व्हायचं होतं? मला नुसतं वाजवायचं होतं.” गाडी आली व तो गेला. त्या वाक्याचें उत्तर मजजवळ अजून नाहीं.

इंग्रजींत उपजत गुणास ‘टॅलन्ट’ म्हणतात. हा शब्द कोठून आला, हें आपणां शुभवर्तमान ऐकणारांस सांगावयास नको. संत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत धनी परदेशीं जातांना एका चाकरास पांच, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक तालंत देतो. एक तालंत म्हणजे सुमारें सहा हजार दिनार. आणि एक दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशें दिवस कामाचे धरले, तर एक तालंत म्हणजे वीस वर्षांची मजुरी झाली! ज्यास सर्वांत कमी मिळालें, त्यास एवढें मिळालें होतें. त्या दृष्टांतांत तिघांना सारखें मिळालें नाहीं, हें खरें आहे. पण रिकाम्या हातानें कोणी परत गेला नाहीं, हेंहि खरें आहे. आणि हिशेब केव्हां झाला? देतांना नव्हे, पुष्कळ काळ लोटल्यावर. तिसऱ्या चाकरानें आपलें तालंत स्वतःच्या भीतीनें जमिनींत पुरलें, व त्याबद्दल त्यास जाब द्यावा लागला. दुसऱ्याचें तालंत त्याच्या हातांतून घेऊन आपणच पुरून टाकलें, तर आपणांस काय जाब द्यावा लागेल, याचा विचार मीं १९९४ मध्यें केला नाहीं. आपण आज करूं या.

आतां मुलांच्या आईबापांस दोन शब्द. अभ्यास म्हणजे नुसतें बसणें नव्हे. जें येतें तेंच पुन्हां पुन्हां वाजवून तास भरणें हा करमणुकीचा प्रकार आहे. ती करमणूक वाईट नाहीं, पण तिनें हात पुढें जात नाहीं. जेथें बोट अडतें ते दोनच स्वर वेगळे काढावे, आणि मुंगीच्या पावलानें वाजवावे. इतके सावकाश कीं चूक होणेंच अशक्य व्हावें. कारण बोटें चुकीचेंहि तितक्याच निष्ठेनें शिकतात, आणि शिकलेली चूक उपटून काढणें हें नवें शिकण्याहून कठीण. ठोके मोजणारें यंत्र लावून वेग एकेक पायरीनें वाढवावा. आठवड्यांत एकदां साडेतीन तास बसण्यापेक्षां रोज अर्धा तास बसणें बरें. मधली झोंपहि बोटांस शिकविते. पहिले तीन महिने मुलाकडून गाणें ऐकण्याची घाई करूं नका. घरीं पाहुणे आले म्हणजे “वाजवून दाखव” म्हणून त्यास उभें करूं नका. आणि कृपा करून त्याच्या देखत “आमच्या घराण्यांत हें नाहीं” असें म्हणूं नका. घराणें कोणीतरी सुरू करावेंच लागतें.

शेवटीं आठ गिटारींचें गणित. तें मीं घरीं बसून सोडविलें आहे, आणि समितीच्या विचारार्थ ठेवतों. एकतिसांचे चार वर्ग करावे. प्रत्येक वर्गास आठवड्यांतून एक तास मी शिकवीन, आणि त्याचें मानधन मला नको. पण शिकवण्यानें कोणी शिकत नाहीं, रियाजानें शिकतो. आणि बहुतेकांच्या घरीं वाद्य नाहीं. तेव्हां वर्ग नसेल त्या प्रत्येक संध्याकाळीं पांचपासून सातपर्यंत सभागृह उघडें ठेवावें, आणि पालकांनीं पाळीपाळीनें किल्ली सांभाळावी. आठ गिटारी, दोन तास, प्रत्येकास अर्धा तास: बत्तीस पाळ्या होतात. परीक्षा घ्यावयाचीच असेल तर ती वर्षानें घ्यावी, आणि तीहि कानाची नव्हे, हजेरीच्या वहीची. जें मूल वर्षभर नेमानें आलें तें पास. जें कंटाळून आपण होऊन गेलें, त्यास जाऊं द्यावें. दार त्यानें स्वतः ओढलेलें असेल, आपण नव्हे. जीं टिकतील त्यांतून एखादें असामान्य बोटांचें निघालें, तर त्यास मोठ्या गुरूकडे पाठवूं. न निघालें, तरी या धर्मग्रामाच्या हीरकमहोत्सवांत गायनवृंदास साथीदार कमी पडणार नाहींत.

बत्तीस पाळ्या आणि एकतीस मुलें. एक पाळी उरते. समितीची हरकत नसेल, तर ती मीं ज्यास फलाटावर क्षमा मागितली त्या गृहस्थासाठीं राखून ठेवावी, अशी माझी विनंती आहे. ते येतील कीं नाहीं, तें त्यांनीं ठरवावें.